बारा बोअरच्या शॉटगनची काडतुसं घरी भरायला परवानगी असावी का?

मिरजकर (धागाकर्ता):
आतेभाऊ टेक्सासला असतो. गॅरेजमधल्या टेबलाला त्याने काडतुसं भरायचा प्रेस बसवलाय. ट्रॅप (हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांची नेमबाजी) खेळून येताना झाडलेली रिकामी काडतुसं गोळा करून आणतो आणि सुट्टीच्या दिवशी भरत बसतो. व्हिडिओ कॉलवर बघितलं: हँडल ओढलं की जुनी टोपी (बुडातली, ठिणगी पाडणारी) खाली पडते, पितळी बूड परत मापात येतं. मग नवी टोपी, बंदुकीची दारू, दारू आणि छर्ऱ्यांच्या मधलं प्लास्टिकचं वॅड, छर्रे, आणि शेवटी तोंड पाकळ्या दुमडून बंद. स्वतःपुरतं भरायला तिकडे केंद्राचा परवाना लागत नाही.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ आडवं येतं, परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. माझं म्हणणं, मातीच्या तबकड्या फोडणाऱ्या नोंदणीकृत नेमबाजांना तरी हे खुलं करा. एका फेरीला २५ तबकड्या, मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत १२५. सरावाचं तर विचारूच नका. सांगलीच्या पोराला विकतची काडतुसं परवडायची कशी?

वारणाकाठ:
राव, तुम्ही नेमबाजांचं बोलताय, मी शिराळ्याचं सांगतो. चांदोलीच्या कडेच्या गावांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू भरायच्या) बंदुका आहेत. रानडुकरं उसात घुसली की हवेत बार काढायचा, एवढंच काम. ती काळी दारू मापट्याने ओतायची सवय म्हाताऱ्यांच्या हातात बसलीय. काडतुसातली धूर न करणारी दारू जास्त जोराची, ती त्याच मापट्याने ओतली तर नळी हातातच फुटेल. एकदा त्या दारूचे डबे सुटे मिळायला लागले की ते फक्त नेमबाजांकडेच जातील, याची हमी कोण देणार? तुम्ही?

मिरजकर:
मापट्याने भरा असं मी कुठे म्हटलं? वजनकाटा लागतो आणि दारू बनवणाऱ्याचा तक्ता लागतो. तक्त्यात जे काडतूस, जी टोपी, जे वॅड दिलंय तेच घ्यायचं. त्यातलं एक बदललं तरी दाब बदलतो.

माजी_सुभेदार_सातारा:
तक्ता पाळणारा पाळेल. गप्पा मारत भरणाऱ्याचं काय? हात चुकून एकात दारू दुप्पट पडली तर काय होतं ते सगळ्यांना कळतं. कमी पडली तर काय होतं, ते विचारा. बार फुस्स होतो, वॅड नळीत अडकून बसतं. आवाज वेगळा आला की तिथेच थांबून बंदूक रिकामी करायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. घाईत दुसरा बार काढला की नळी फाटते. आणि इकडे आजोबांच्या दुनळ्या अजून भिंतीवर आहेत, त्यातल्या काही काळ्या दारूच्याच जमान्यातल्या.

दुसरं, हिशोब. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं हे लिहिलेलं असतं, दुकानदार खरेदीची नोंद करतो. घरी भरलेल्याची नोंद कोण करणार? आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करतो आपण. मग दारूचा डबा, टोप्या आणि तुमचा प्रेस कुठे जमा करायचा? काडतुसं बनवायची यंत्रं कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्यातच येतात, हेही ध्यानात असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याला किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. हौसेखातर कुणी 'करून बघू' म्हणत असेल तर करू नका.

कृष्णाकाठची_मुलगी:
आणि वाचणार किती? शिसंच सगळ्यात जास्त लागतं. २५ पौंडाच्या पिशवीत १ औंसाची ४०० काडतुसं होतात, मग दारू, टोप्या, वॅड वेगळे. अमेरिकेतले लोकही सांगतात की बारा बोअरला फारसं सुटत नाही, २८ बोअर आणि चारशे दहा या लहान काडतुसांना सुटतं. शिवाय टोप्यांच्या राखेत शिसं असतं, ते हात न धुता जेवणाऱ्याच्या पोटात जातं. त्यापेक्षा खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं बारा बोअर काडतूस नेमबाजांना सवलतीत द्या, अशी मागणी करा. मी सही करते.

मिरजकर:
सवलत मिळाली तर हवीच आहे. पण सुभेदारसाहेब, घरी नको म्हणताय, मान्य. क्लबमध्ये? परवाना क्लबच्या नावावर, दारू कुलपात, भरलेलं प्रत्येक काडतूस रजिस्टरला. मग हिशोबही राहतो.

माजी_सुभेदार_सातारा:
तसं असेल तर माझा विरोध निम्म्याने कमी. उरलेला निम्मा रजिस्टर कोण लिहितो त्यावर.

वारणाकाठ:
क्लबचं नंतर बघू. तबकड्यांची रेंज आपल्या दोन जिल्ह्यांत कुठं काढायची, ते आधी ठरवा की!