मास्टर सिलिंडर बदलून दमलात, ब्रेक ऑइलच्या टाकीचं टोपण उघडून पाहिलंत का?

घाटपायथा: काल 'आडत्या'ने लिहिलं, '२००८ ची पिकअप, वर्षभरात मास्टर सिलिंडर परत परत जातोय. बाजारात सगळा डुप्लिकेट माल भरलाय. ओरिजिनल घ्या, विषय संपला.' त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही. मास्टर म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा सिलिंडर; हा ब्रेकचा मामला आहे, हॉर्नचा नाही.

नवा मास्टर लावला आणि पेडल परत हळूहळू खाली बसायला लागलं, की आधी टाकीचं टोपण उघडा. आतलं काळं रबर बघा. फुगून त्याला वळ्या पडल्या असतील आणि ते टोपणात परत बसत नसेल, तर कुणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी पॉवर स्टिअरिंगचं नाहीतर इंजिनचं ऑइल ओतलंय. डॉट ३, डॉट ४ या ब्रेक ऑइलवर चालणारी रबरं खनिज तेलाने फुगतात. मग मास्टर कितीही भारीतला आणा, लाइनीत उरलेलं तेल त्याचीही रबरं खाणार. अशा वेळी मास्टर, चाकांतले व्हील सिलिंडर, डिस्क ब्रेकच्या कॅलिपरची किट (म्हणजे रबरांचा संच), होस पाइप, जिथे जिथे रबर आहे ते सगळं एकदम बदलायचं आणि लोखंडी पाइप धुऊन काढायचे. खर्च पोटात गोळा आणतो, माहितीय.

टोपणाचं रबर ठीक निघालं, तर मास्टरचे नट काढून तो बूस्टरपासून (पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूमचा डबा) जरा पुढे ओढा. मागे ब्रेक ऑइलचा ओलावा म्हणजे मागचं सील गेलंय. काळं चिकट दिसलं तर व्हॅक्यूम पंप बघा. आपल्याकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो, त्याला इंजिनचंच ऑइल मिळतं. पाइपातला नॉन-रिटर्न (एकाच दिशेने सोडणारा) व्हॉल्व्ह गेला की ते ऑइल बूस्टरमध्ये उतरतं. हे न बघता मास्टर बदलणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून रोज चटई बदलणं.

आडत्या: झालं का प्रवचन? आमच्याकडे वडिलांपासून गाड्या आहेत. खोका तोच, होलोग्राम तोच, आणि आत बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, बोट लावलं तर खरखरीत. असला माल तुमच्या टोपणातल्या रबराने गुळगुळीत होणार आहे का? आणि हा सल्ला गॅरेजवाल्याला द्या. तो म्हणतो 'साहेब किट टाकतो, पाचशेत भागवतो', आपण मान हलवतो.

घाटपायथा: डुप्लिकेट माल आहे, कोण नाही म्हणतंय? पण दरवेळी दुकान बदलूनही तेच होत असेल तर सगळी दुकानं तुमच्यावरच टपून बसलीत का? किटचं म्हणाल तर बोअरला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं रबरही त्यावर चिरतं. आणि लाइनीतली हवा काढताना गॅरेजातलं पोरगं पेडल पार तळापर्यंत हाणतं. रोजच्या चालण्यात रबर बोअरच्या त्या टोकाला जातच नाही, तिथे गंज बसलेला असतो. जुना मास्टर त्या दिवशीच मरतो.

डबल_क्लच: तुम्ही दोघं रबरावर भांडा. खरं कारण वेगळंच आहे. उतार लागला की न्यूट्रल! कसाऱ्यात, खंबाटकीत बघा, भरलेली गाडी सोडून देतात आणि खालपर्यंत ब्रेकवर पाय. जुन्या डॉट ३ ने पाणी ओढलेलं असतं. ताजं असताना २०५ अंशाला उकळणारं ते १४० लाच उकळतं. मग पेडल तळाला आणि बोंब, 'मास्टर गेला.'

स्टेपनी: एसीत बसून बोलू नका. मालक डिझेलचा हिशोब किलोमीटरवर मागतो. न्यूट्रल नाही मारलं तर फरक कोण भरणार, तुम्ही?

डबल_क्लच: अहो, गिअरमध्ये पाय उचलला की पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलला मात्र आयडलपुरतं जाळतच राहतो. म्हणजे तुम्ही वाचवताय काय? आणि इंजिनच बंद केलं तर व्हॅक्यूम बंद, दोन-तीन दाबांत बूस्टर रिकामा. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ काय झालं? ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. आधी 'ब्रेक फेल', मग पोलीस म्हणाले, उतारावर इंजिन बंद करून आणला होता.

स्टेपनी: एका ट्रकवरून सगळ्या ड्रायव्हरांना शिव्या. रात्री दोनला कांदा भरून निघा एकदा लासलगावहून, सकाळी वाशीला पोचा, मग गिअर शिकवा. झोप नाही, जेवण नाही, आणि गाडी कुठे घासली तर पगारातून.

डबल_क्लच: झोपेचा विषय खरा आहे. त्याने न्यूट्रल बरोबर ठरत नाही.

दूधवाली_वहिनी: भाऊ लोक, जरा थांबा. आमच्या दुधाच्या पिकअपला हेच झालं. मास्टर बदलला की आठवडाभर छान, मग परत पेडल खाली. कारण दरवेळी मास्टर बदलताना मिस्त्री मागचे लायनरही कसायचा! लायनर झिजतील तसे आपोआप पुढे सरकवणारे ऑटो अ‍ॅडजस्टर जाम होते, लायनर झिजले की पेडल खाली. मास्टर बिचारा निर्दोष. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मास्टरच्या आउटलेटला (ऑइल बाहेर जायच्या भोकांना) बुचं लावली, हवा काढली आणि म्हणाला, 'दाबा वहिनी.' पेडल कडक, तसूभर हललं नाही. म्हणजे दोष खाली. पाटे वाढवले तेव्हा कुणीतरी मागच्या अ‍ॅक्सलच्या लोड व्हॉल्व्हचा (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) दांडाही तारेने बांधून ठेवला होता, तो वेगळाच.

आडत्या: बुचं लावायचं कुणी सुचवलं नव्हतं, हे मान्य. वहिनींनी सुचवलं म्हणून मान्य, घाटपायथा महाराजांनी खूश होऊ नये. आमची गाडी मात्र चालून आली की चाकं गरम असतात, सोडतच नाही. त्याचं सांगा.

घाटपायथा: गरम असतानाच मास्टरचे नट दोन आटे ढिले करा. चाकं मोकळी झाली तर बूस्टरचा पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब आहे. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीकडे जाणारं बारीक भोक बंद राहतं, ऑइल टाकीत परतत नाही. मोकळी झाली नाहीत, पण त्या चाकाचं हवा काढायचं निप्पल उघडल्यावर झाली, तर होस पाइप आतून मिटलाय.

आडत्या: आणि रबर फुगलेलं निघालंच, तर लाइन रॉकेलने धुतली तर चालेल?

घाटपायथा: रॉकेल, डिझेल, पेट्रोल काहीच नको, तेही खनिज तेलच. स्पिरिटने धुवा, हवा मारून सुकवा, मग ताजं ब्रेक ऑइल.

स्टेपनी: आणि ते स्पिरिट मालक ड्रायव्हरच्या नावावर लिहिणार.