किंगच्या कथेची मोडतोड केलेलीच बरी!

धुकेकर
अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या कथांवरचे सिनेमे बघून माझं मत पक्कं झालंय. पुस्तकाशी इमान राखणारा दिग्दर्शक तोंडावर आपटतो. 'द शायनिंग' घ्या. दिग्दर्शक कुब्रिकनं १९८० च्या सिनेमात कादंबरी हवी तशी वाकवली, किंगला ते अजिबात रुचलं नाही. मग त्यानं स्वतः पटकथा लिहून १९९७ मध्ये टीव्हीवर मालिका आणली. पुस्तकात हॉटेलच्या बागेत प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत. नजर हटली की ती जागा बदलतात. वाचताना आपलीच मान वळवायची हिंमत होत नाही. मालिकेत तेच झुडपी सिंह कॉम्प्युटरवर हलवले आणि पार हसं झालं. कुब्रिकनं झुडपं उपटून तिथे भूलभुलैया लावला, काम फत्ते.

पारंबी
साफ असहमत. हसं झालं ते इमानापायी नव्हे, त्या काळच्या टीव्हीच्या कॉम्प्युटर करामतींपायी. आणि किंगचं मूळ दुखणं झुडपांचं नव्हतंच. त्याच्या कादंबरीतला नायक जॅक म्हणजे दारू सोडलेला, पोरावर जीव असलेला बाप. तो हळूहळू हातचा जातो, भीती तिथे आहे. सिनेमात जॅक झालेला निकल्सन नोकरीच्या मुलाखतीपासूनच भुवया उडवतोय, पुढे बिघडायला शिल्लक काय? पुस्तकात शेवटी बाप क्षणभर भानावर येतो आणि पोराला 'पळ' म्हणतो. कुब्रिकनं तोच क्षण खाल्ला. 'मिझरी' बऱ्यापैकी मुळाबरहुकूम आहे, तो कुठे आपटला? कॅथी बेट्सला ऑस्कर मिळालं की.

धुकेकर
'मिझरी'चं बरं काढलंत. पुस्तकात लेखकाला कोंडून ठेवणारी बाई कुऱ्हाडीनं त्याचा पाय तोडते, सिनेमात घणानं घोटे फोडते. पटकथाकार गोल्डमन कुऱ्हाडीसाठी अडून बसला होता, नंतर त्यानंच कबूल केलं की घण बरोबर होता.

चकवा
+१. 'द मिस्ट'ही आहेच (शेवट फुटणार, पाहिला नसेल तर पुढे जा). कथेत धुक्यातून गाडी निघते आणि थोडी आशा उरते. २००७ च्या सिनेमात बाप उरलेल्या चार गोळ्या स्वतःच्या पोरासकट चौघांवर झाडतो आणि लगेच धुक्यातून लष्कर येतं. किंगला हा शेवट आवडला होता.

पोटमाळा
अहो, अमेरिकेतच काय फिरताय? 'तुंबाड' विसरलात? त्याचे दिग्दर्शक राही बर्वे मुलाखतींत सांगतात की नागझिऱ्याच्या जंगलात मित्रानं आपले मराठी भयकथाकार नारायण धारप यांची गोष्ट सांगितली आणि त्यांची गाळण उडाली. पुढे मूळ कथा वाचली तर तेवढी भीती वाटलीच नाही. धारपांची 'आजी' ही कथा आली किंगच्या 'ग्रॅमा' या कथेवरून. किंगकडे भावाचा पाय मोडतो, आई दवाखान्यात जाते आणि पोरगा अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपाशी एकटा उरतो. मेलेली म्हातारी उठते तेव्हा मावशी फोनवर सांगते, हॅस्टर या दुष्ट शक्तीच्या नावानं तिला झोपायला सांग. आता 'तुंबाड' आठवा. झाडावरून पडलेला सदाशिव, त्याला घेऊन गेलेली आई, घरात एकटा विनायक आणि 'सो जा, नहीं तो हस्तर आ जाएगा'. हे बर्वेंनी अर्ध्या तासात उरकलं आणि पुढचा सिनेमा लोभावर नेला. २०१४ मध्ये 'मर्सी' नावानं 'ग्रॅमा'चाच पूर्ण सिनेमा झाला, कोणाला आठवतोय?

पारंबी
पोटमाळा, तुम्ही तर माझंच काम केलंत! 'ग्रॅमा'ची खरी भीती शेवटात आहे. म्हातारी पोराला कवेत घेते, आई परतते तेव्हा तो शहाण्यासारखा बसलेला असतो आणि त्याच्या आत आता दुसरंच कोणी आहे. 'तुंबाड'मध्ये विनायक सहीसलामत सुटतो. सिनेमा देखणा आहे, पावसाबद्दल तर बोलायलाच नको, पण म्हातारीच्या गोष्टीतला जीव काढून घेतलाय. मोडतोडीचं एवढं कौतुक असेल तर धारपांच्या कथांमधल्या, दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या समर्थांवर सिनेमा करून दाखवा. त्यातलं काय मोडाल?

धुकेकर
पहिलंच मोडेन ते हे की समर्थ येणार आणि सगळं निस्तरणार, ही वाचकाची खात्री. मध्यंतराआधी समर्थ एकदा हरले पाहिजेत.

पारंबी
हरले तर ते समर्थ कसले? मग नावही दुसरं ठेवा आणि पोस्टरवर धारपांचा फोटो लावू नका.

चकवा
मी तिकीट काढेन. हरणारच असतील तर दोन काढेन.