मायग्रेनसाठी दंडाला किंवा कपाळाला लावायचं यंत्र: कोल्हापुरात कुणी वापरलंय का?

पेठेतला
माझ्या वहिनीला कॉलेजात असल्यापासून अर्धशिशी आहे. राजारामपुरीत शाळेत शिकवते. उन्हातून आली किंवा जेवायला उशीर झाला की डावं कानशील ठणकायला लागतं, उलट्या होतात, मग अंधाऱ्या खोलीत दिवस जातो. निदान मायग्रेनचंच झालंय. रोजच्या गोळीनं वर्गात झापड येते, म्हणून ती बंद करायची म्हणते. नसांना हलका करंट देणारी यंत्रं निघालीत असं कळलं. खरंच फरक पडतो का? पैसे घालायची तयारी आहे, पण तिची पुन्हा निराशा नको.

उद्यमनगरकर
आमच्याकडं कंबरेसाठी टेन्स मशीन आहे, पॅड लावून दुखऱ्या जागी करंट देणारं. त्याचेच पॅड कपाळाला लावले तर?

फिजिओताई
नको ओ दादा. कपाळाच्या यंत्राचा करंट आणि पॅड त्या जागेसाठीच ठरवलेले असतात. कंबरेच्या मशीनचे पॅड डोक्याला लावू नका, आणि मानेच्या पुढच्या बाजूला तर मुळीच नाही. रक्तदाब आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या नसा तिथं आहेत.

गुजरीवाली
मी दंडाला लावायचं वापरते, नेरिव्हिओ. डॉ. रेड्डीज या औषध कंपनीनं २०२३ मध्ये भारतात आणलं. दुखतंय डोकं आणि पट्टा दंडाला, याचं सगळ्यांना नवल वाटतं. दंडातल्या नसांना जोरकस पण न दुखणारा करंट मिळाला की मेंदूची वेदना दाबायची स्वतःची यंत्रणा जागी होते, आणि ती डोक्याची वेदनाही दाबते. ४५ मिनिटं लावायचं, करंट मोबाईलवरून कमी-जास्त करायचा. मुंग्या चांगल्या जाणवल्या पाहिजेत, पण दुखता कामा नये. दुकानात काउंटरवर बसूनच लावते, बाहीखाली दिसतही नाही.

वेळ मात्र गाठायची. दुखणं सुरू झाल्यापासून तासाभराच्या आत लावलं तर मला उतार पडतो. उलट्या सुरू झाल्यावर लावून मला तरी उपयोग झालेला नाही.

निराशेचं विचारलंत म्हणून आकडे सांगते. २५२ जणांवरच्या चाचणीत दोन तासांनी ६६.७ टक्के लोकांना आराम पडला, नकली यंत्र लावलेल्यांत ३८.८ टक्के. म्हणजे खऱ्या यंत्रानंही तिघांतल्या एकाला आराम पडला नाही. वहिनींना हे आधीच सांगा. आणि एक यंत्र किती वेळा वापरता येतं ते विचारूनच पैसे द्या.

कपाळाला लावायचं ते सेफाली. भुवयांच्या वरच्या नसेवर काम करतं. दुखू नये म्हणून रोज २० मिनिटं. बेल्जियममध्ये ६७ जणांवर तीन महिने पाहिलं, तेव्हा साधारण ३८ टक्के लोकांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले, नकली यंत्रात १२ टक्के. त्यानंही काहींना झोप येते, तेव्हा वहिनींनी ते शाळेआधी न लावता रात्री लावावं. मानेला धरायचं गॅमाकोअर म्हणूनही आहे, मी ते वापरलेलं नाही.

रोजची गोळी मात्र मनानं बंद करू देऊ नका. मायग्रेन येऊ नये म्हणून देतात ती प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर त्रास होतो. गुंगीचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, गोळी किंवा तिची वेळ बदलता येते.

महाद्वार फार्मसी
यंत्राआधी एक बघा. वहिनी महिन्यात किती दिवस पेनकिलर घेतात? साधी गोळी १५ दिवस किंवा जास्त, ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) किंवा मिश्र गोळी (एकीत दोन-तीन औषधं) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. आमच्या काउंटरवर अशी माणसं रोज दिसतात, आणि फार वाईट वाटतं.

पेठेतला
तिच्या पर्समधल्या स्ट्रिप मोजल्या. मिश्र गोळीच आहे, आणि महिन्याला दहाच्या बऱ्याच पुढं. आजच डायरी चालू केली: कधी दुखलं, काय खाल्लं, कोणती गोळी. न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतलीय, डायरी आणि स्ट्रिप दोन्ही घेऊन जातो.

गुजरीवाली
छान केलंत. पट्टा बघायचा असेल तर वहिनींना दुकानात घेऊन या. हातात धरून बघतील, मग ठरवा.

रंकाळाकाठ
माझ्या आईलाही हाच त्रास आहे, पण तिला पेसमेकर बसवलाय. तिला चालेल?

फिजिओताई
नाही. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं विजेचं यंत्र असेल तर यातलं काहीच लावायचं नाही. मिरगी असेल तर किंवा डोक्यात धातू बसवला असेल तरीही आधी डॉक्टरांना विचारा. आणि आईंचं डोकं कधी एकाएकी, आयुष्यात दुखलं नव्हतं इतकं दुखलं, किंवा बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात लुळा पडला, तर नेहमीचंच समजून थांबू नका. सरळ सीपीआर रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.