गिरणीने कोकण पोसलं की कोकणाने गिरणी?

वाडीकर
गिरणगावाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं : ‘मुंबईच्या मनीऑर्डरीवर कोकण जगलं.’ माझ्या मते हिशेब उलटा आहे. कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांनी मुंबईच्या गिरण्या पोसल्या.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिली सूतगिरणी काढली आणि १८५६ला ताडदेवला सूत निघू लागलं. पुढे दोन पिढ्या गेल्या. तरी १९२१च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या, आणि शहरातच जन्मलेली माणसं साधारण सहातली एक. तिकडे रत्नागिरी जिल्ह्यात दर खेपेला बायकाच जास्त. म्हणजे गडी मुंबईत, बाकी घर गावी. त्यामुळे पगार एका पोटापुरता दिला तरी मालकाचं भागायचं. पोर वाढवायचं, आजारपण काढायचं, म्हातारपण सांभाळायचं, हे सगळं भाताच्या खाचरावर आणि नाचणीच्या वरकसावर, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीवर. मालकाला विशीतला तयार गडी मिळायचा, आणि खोकायला लागला की बंदराकडे रवाना.

साचेखातं
खाचर कुणाचं होतं, हे सोयीस्करपणे गाळलंत. रत्नागिरीत आणि कुलाबा जिल्ह्यात (आजचा रायगड) खोती होती, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा खोत वर आणि जमीन कसणारी कुळं खाली. अर्धेलीने घेतलेल्या जमिनीचं निम्मं भात खोताच्या घरी, तिर्धेली असेल तर तिसरा हिस्सा. वर वेठ वेगळी. जे उरायचं ते घरात शिमग्यापर्यंत पुरलं तरी नशीब. असली शेती गिरणी काय पोसणार? अलिबागकडे चरीच्या कुळांनी १९३३पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, त्या काही हौसेने नव्हे.

गिरणीत निदान पैसा रोख होता आणि खोताच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. खोताचं देणं फेडायलाही मनीऑर्डरच यायची. तेव्हा ते जुनं वाक्य बरोबरच आहे.

वाडीकर
रोख पैसा कधी हातात पडायचा तेही सांगा की. पगार महिन्याचा, पण मिळायचा पुढच्या महिन्याच्या १० ते १५ तारखेला. नवा माणूस १ तारखेला लागला तर जवळपास दीड महिना उधारीवर. खानावळ उधार, वाणी उधार, मग पठाणाकडून कर्ज. रुपयाला महिना एक आणा व्याज म्हणजे सव्वासहा टक्के, वर्षाला पंचाहत्तर. एकदा त्यात पाय अडकला की पुढचा प्रत्येक पगार मागचं फेडण्यात. पगार ठरावीक मुदतीत द्यायचं बंधन आलं १९३६च्या कायद्याने. तोवर गिरणीमालक दर महिन्याला कामगाराकडून बिनव्याजी उसनंच घेत होते म्हणा ना.

आणि हे कायम माणसाचं झालं. बदलीवाल्याला तेवढंही नाही. पहाटे भोंग्याला गेटवर उभं राहायचं. खात्यात कोण आलं नाही ते जॉबर, म्हणजे माणसं लावणारा मुकादम, बघणार आणि तेवढे बदली आत घेणार. बाकीचे घरी, त्या दिवसाची कवडी नाही. पुढच्या पाळीला परत उभे. जॉबरला दस्तुरी, म्हणजे त्याची लाच, पोचली नसेल तर त्याला तुम्ही दिसतच नाही.

साचेखातं
जॉबरबद्दल वाद नाही. पण तोच जॉबर तुमच्याच गावचा असायचा, त्याच्याच ओळखीने खोलीत जागा मिळायची. सगळा दोष गिरणीच्या माथी मारून चालणार नाही, त्यात गावही होतं.

कंदील
गावकरी मंडळाच्या खोल्यांवर कुणीतरी नीट लिहायला हवं. एका वाडीतली पंधरा-वीस माणसं मिळून एक खोली. भाडं आणि दिवाबत्तीची वर्गणी सारखी वाटलेली, प्रत्येकाची एक खुंटी नि एक ट्रंक. पाळ्या वेगळ्या असल्या तर एकच वळकटी दोघांना पुरायची. उरलेले गॅलरीत नाहीतर फुटपाथवर. गोवेकरांचे धोबीतलावचे ‘कूड’ याच जातीचे, फक्त तिथे गिरणीवाल्यांऐवजी बोटीवर नोकरी करणारे तारवटी. खोली ही नुसती झोपायची जागा नव्हती. तेच कामाची ओळख लावून देणारं ठिकाण आणि तीच भिशी. मेलेल्याचं सामान गावी पोचवायचं कामही तिथलंच.

बी. डी. डी. म्हणजे सरकारच्या मुंबई विकास खात्याने बांधलेल्या चाळी नंतरच्या, १९२०च्या दशकातल्या : वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती, खोली १६० चौरस फूट. संडास मजल्यावर सामायिक. आज ज्याला आपण कौतुकाने चाळसंस्कृती म्हणतो तिचा उगम या फुटांत आहे. दार बंद केलं तर आत सगळे मावतच नव्हते.

उलटा टाका
वर सगळे ‘गडी’च दिसताहेत. वायंडिंग आणि रीळिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, बायका होत्या, त्यांच्यावर नाईकीण, म्हणजे बाई जॉबर, असायची. तान्हं पोर घरी ठेवून दहा-अकरा तास गिरणीत जायचं तर त्याने रडू नये म्हणून बाळगोळी द्यायची. त्या गोळीत अफू. पोर झोपून राहायचं, अंगावर कमी प्यायचं आणि सुकत जायचं. १९२१ साली मुंबईत हजारी साडेसहाशेच्या वर अर्भकमृत्यू नोंदले गेले, एका खोलीत राहणाऱ्यांत त्याहूनही जास्त. याला कुठली मनीऑर्डर पुरणार?

पुढे बायकांच्या जागाच कमी होत गेल्या. रात्रपाळीला त्यांना बंदी, १९२९च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागणार, त्यात नवी यंत्रं. मालकांनी सरळ पुरुष घेतले.

कंदील
बाळगोळीचं खरं आहे. पण तो साडेसहाशेचा आकडा जपून वापरा. पहिलं बाळंतपण माहेरी, बरेचदा पुढचीही. म्हणजे जन्म नोंदला गेला गावात. बाई पोराला घेऊन परत आली आणि पोर इथे गेलं की मृत्यू मुंबईच्या खात्यात. भागाकारात खालचा आकडा लहान राहिला की दर फुगतो. तरी तो भयानकच होता, पण दर तीन पोरांत दोन गेली असं त्यावरून म्हणता येणार नाही.

उलटा टाका
मान्य. पण याच दुरुस्तीतून वाडीकरांचा मुद्दा निघतो बरं का : बाळंतपणाचा खर्च गावानेच केला.

साचेखातं
बरं, एक बाजू अजून कुणी मांडली नाही. शहरात जात मागे पडली, असं म्हणणारे बरेच असतात, आणि थोडं खरंही आहे. नळावर, ट्राममध्ये, संपाच्या सभेत कोण कुणाला विचारणार?

धोटा
साचेखात्याचं नाव घेऊन लिहिता, मग साचेखात्यातलं, म्हणजे विणकामाच्या खात्यातलं, बघा. मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो धोटा; त्यातली सुताची कांडी काही मिनिटांत संपते. माग थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची, धोट्याच्या भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढून सूत बाहेर काढायचं. मग माग चालू. दिवसातून असं शेकडो वेळा. सुताबरोबर कापसाची कुसं आणि खळीची भुकटी घशात जायची, ते वेगळं. तोच धोटा दुसऱ्या विणकराच्या तोंडाला लागणार. म्हणून अस्पृश्यांना साचेखात्यात घ्यायचं नाही, हा सवर्ण विणकरांचा हट्ट. आणि जास्त मजुरी तिथेच. अस्पृश्यांच्या वाट्याला त्रासन, म्हणजे सूत कातायचं रिंगखातं. १९२८च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हीच अट काढा म्हणून धरलं होतं. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा काही अशक्य कोटीतली वस्तू नव्हती.

त्याच खात्यातलं अजून एक. हवा कोरडी झाली की ताणा, म्हणजे उभे धागे, तुटतो. म्हणून शेडमध्ये वाफ सोडायची आणि खिडक्या बंद. मजुरी कापडाच्या नगावर, तेव्हा घामाने निथळत असलेला विणकरही खिडकी उघडू देत नसे. तार तुटली की त्याचेच पैसे गेले. कापडात डाग किंवा तुटका धागा निघाला तर तो तागाच त्याच्या गळ्यात मारायचे आणि किंमत पगारातून कापायचे. मग ते खराब कापड तोट्यात विकत फिरा. खोताची अर्धेल आणि हे, यात मला फार फरक दिसत नाही.

साचेखातं
फरक आहे. चरी सोडली तर खोताविरुद्ध ऐंशी कुळं एका छपराखाली कधी जमली? गिरणीत एका शेडमध्ये शेकडो विणकर. दोन मागांऐवजी तीन माग चालवा म्हटल्यावर १९२८ला सहा महिने गिरण्या बंद पाडता आल्या, त्या याच गर्दीमुळे. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९०ला मिळवली. गावात रविवार कुठला?

वाडीकर
आणि सहा महिने खाल्लं काय? अर्धी गिरणगाव गावी गेली होती. खानावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं आणि गावच्या पेजेने बाकीचं निभावलं. संप लांबवायची ताकद खाचरातून आली. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे.

साचेखातं
मग १९८२ घ्या. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर. गावी गेलेले काय घेऊन परतले? तोवर चार भावांत वाटण्या होऊन प्रत्येकाकडे मूठभर जमीन उरलेली. पेज होती, पण ती पोरांच्या फीला चालत नव्हती. म्हणून कुणी हातगाडी लावली, कुणी वॉचमन झाला.

वाडीकर
हो, तिथे खाचर संपलं होतं, हे खरं. अर्धेलीचंही मागे घेतो. कुळाकडून निम्मं भात गेल्यावर पोसणारं घर नक्की कुठलं, हे मी सरसकट लिहिलं. पण मे महिन्याचं काय? पावसात आगबोटी बंद व्हायच्या, म्हणून लग्नं आणि पेरणीच्या तयारीला लोक त्याआधीच निघायचे आणि गिरण्या बदलीवाल्यांवर चालायच्या. नांगराला माणूस हवाच होता म्हणून लोक जात होते. नुसत्या मनीऑर्डरीवर जगणारं घर जोतासाठी माणूस परत बोलावत नाही.

उलटा टाका
जोत धरायला तो यायचा पंधरा दिवस. लावणी, बेणणी, कापणी, झोडणी कोण करायचं, ते लिहा आधी.