राधा-घना आणि थिएटरच्या वाऱ्या

मालिकेतल्या राधा-घनाची जोडी लोकांनी उगाच डोक्यावर चढवून ठेवली होती, असं कुणीतरी लिहिलंय. अजिबात पटलं नाही! 2012 सालची त्यांची 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' ही मालिका आठवा. आधी सोयीचं लग्न, मग भांडणं, मग हळूहळू प्रेम. राधा झालेली मुक्ता बर्वे नुसती रोखून बघायची आणि घना झालेल्या स्वप्नील जोशीची ततपप व्हायची, तिथेच आम्ही गार. 'मुंबई-पुणे-मुंबई' या सिनेमामुळे (2010) दोघांचा सूर आधीच जुळलेला होता म्हणा.

प्रिया बापट-उमेश कामत मात्र वेगळं प्रकरण. खरोखरचे नवरा-बायको असल्याने ओढूनताणून काही करावं लागत नाही. त्यांचा 'बिन लग्नाची गोष्ट' हा सिनेमा आईबरोबर पाहिला. तिचं सगळं लक्ष निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांच्याकडे! "यांचीच गोष्ट मोठी करायची ना," इति मातोश्री.

हा सिनेमा आला त्याच दिवशी, 12 सप्टेंबर 2025 ला, 'दशावतार'ही आला होता. तो पुढच्या रविवारी पाहिला. त्यात जोडीबिडी शोधायला गेलेच नव्हते, दिलीप प्रभावळकर पुरेसे आहेत. मालवणी कानावर पडली आणि शेजारच्या काकू चक्क मोठ्याने उत्तरं द्यायला लागल्या. पॉपकॉर्नचे पैसे वसूल.