नेहमीच्या शोधयंत्राची मांडणी बदलली आणि अडलं, असं तुमच्या घरी झालंय का? अनुभव लिहा

सांजवात
काल माळा आवरताना बाबांची वही सापडली. एसटीतून रिटायर झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर शिकायला घेतला, तेव्हाची. पाठकोरे कागद दोऱ्याने शिवलेले. पहिल्या पानावर गूगल शोधयंत्राचं चित्र, पट्टीने आखलेलं. मधल्या लांब चौकटीत लाल शाईने "येथे लिहिणे. मग एंटर." डावीकडे यादी काढलेली, "चित्रे – दुसरे". पुढे त्या यादीवर काट मारलीय आणि शेजारी तारखेसकट "यादी वर गेली." २०१२ च्या शेवटी डावीकडची यादी खरंच वर गेली होती, आठवतंय का कुणाला?

त्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात फोन केला होता. "माझ्या हातून काही पुसलं गेलं का गं?" गाथेतला अभंग शोधत होते. मी कामात होते, "बाबा, ते आपोआप बदलतं, सारखं काय विचारता" म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी घरी आले तर कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलेलं. नंतर आठवडाभर त्यांनी ते काढलं नाही.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की फलाट बदलला तर स्टँडवर निदान पुकारतात तरी. हल्ली तर काय शोधतोय त्यावर वरच्या टॅबचा क्रम बदलतो. कधी चित्रं दुसरी, कधी बातम्या. जागा पाठ करून चालणाऱ्या माणसाने काय करायचं?

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. छोटं मोठं काहीही.

पिंपळपान
अगं ते कापड 😢 माझी आई पण असंच विचारते, माझंच चुकलं का. फोन बदलला तरी तेच.

तापीकाठ
आमच्याकडं कपाशीवर फवारणी चालू आहे, बांधावरून लिहितोय. पहिले औषधाचं नाव टाकलं की कृषी विद्यापीठाचं पान सापडायचं. आता वर मोठ्ठा खोका येतो, आयतं उत्तर लिहिलेलं. पोरानं तेच वाचून दाखवलं. मी म्हटलं हे लिटरला का पंपाला? त्यात लिहिलेलंच नव्हतं! पंप १५ लिटरचा, चुकलं तर पीक जळतं. शेवटी बाटलीवरचं लेबल भिंग लावून वाचलं. विद्यापीठाचं पान त्या खोक्याच्या पार खाली होतं.

न्यूजर्सीकर
@तापीकाठ तो खोका, म्हणजे एआयने लिहिलेला सारांश, आमच्याकडे अमेरिकेत मे २०२४ मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास 'वेब' नावाचा टॅबही आला, कधी 'अधिक' मध्ये लपलेला असतो. तो दाबला की नुसत्या निळ्या लिंका. पोराला सांगा, शोधल्यावर पत्त्याच्या शेवटी अँडचं चिन्ह, मग यूडीएम, बरोबरचं चिन्ह आणि १४ असं इंग्रजीत टाइप केलं तरी तेच पान येतं. मी तेच बुकमार्क करून ठेवलंय. आईबाबांच्या कॉम्प्युटरवर भारतात गेलो तेव्हा करून दिलं.

मुद्रितशोधक
माझं पोट शब्दांवर आहे म्हणून जरा लांबलचक लिहिते. पूर्वी शब्दाआधी अधिकचं चिन्ह दिलं की तोच शब्द मिळायचा, दुसरा नाही. २०११ मध्ये ते काढलं आणि अवतरणचिन्हं वापरा म्हणाले. ठीक, वापरली. पण आता अवतरणाशिवाय काही टाकलं की "याऐवजी हे दाखवतो आहोत". मी मराठी "शिक्षा" शोधते, कायद्याच्या पुस्तकासाठी, आणि समोर हिंदी शिक्षण खात्याची पानं. "राजीनामा" टाका, हिंदीत त्याचा अर्थ तडजोड. लिपी एक म्हणजे भाषा एक असं धरून चालतात. भाषा मराठी निवडायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण तिथवर पोचायची वाट दर वेळी निराळी. मी भांडून सांगते आहे, मी जो शब्द लिहिला तोच मला हवा आहे. शब्द नीट लिहायला आयुष्य घातलंय.

दादरकर
अल्टाव्हिस्टा हे जुनं शोधयंत्र कुणाला आठवतंय? सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसायचो, पान उघडेपर्यंत निम्मा वेळ जायचा. ते २०१३ च्या जुलैत बंद झालं, त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. कॅफेवाल्या काकांकडे बटाटेवडे पण मिळायचे, काय चटणी असायची!

पिंपळपान
@दादरकर कोणता कॅफे? प्लाझाच्या गल्लीतला?

दादरकर
नाही, स्टेशनच्या पश्चिमेला, जिन्याखाली. आता तिथे मोबाइल कव्हरवाला.

खडूफळा
जिल्हा परिषद शाळा, दुसरीचा वर्ग. तक्ते मी स्वतः छापते. आधी चित्रावर टिचकी मारली की 'चित्र पाहा' बटण, मोठं चित्र थेट उघडायचं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते गेलं. मी घाईत लहान चित्रच उतरवून घेते आणि ए-थ्रीवर छापलं की "ग गवताचा" असा पोपटी डाग दिसतो फक्त. मुलं विचारतात बाई हे काय आहे.

न्यूजर्सीकर
@खडूफळा ताई, गेटी इमेजेस या छायाचित्रं विकणाऱ्या कंपनीशी करार झाल्यावर ते बटण काढलं, छायाचित्रकारांच्या हक्कांचा प्रश्न होता. त्यांची बाजू पटण्यासारखी आहे. शाळेसाठी विकिमीडिया कॉमन्स बघा, मुक्त परवान्याची चित्रं, मोठ्या आकारात उतरवता येतात.

ऐकणारा
मला दिसत नाही, एनव्हीडीए या पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर ऐकून वापरतो. एच दाबला की एका शीर्षकावरून पुढच्यावर जातो. पूर्वी दोनतीनदा एच दाबला की पहिला निकाल. आता मध्ये जाहिरात, सारांश, "लोक हेही विचारतात", व्हिडिओ. त्यातही रोज वेगळं. बोटांना पाठ झालेलं एका रात्रीत मोडतं. डोळस माणूस एक नजर टाकून सावरतो, मला पूर्ण पान वरपासून खालपर्यंत ऐकावं लागतं. सांजवात, तुमच्या बाबांची यादी मी मनातल्या मनात ठेवतो, आणि तीही खोडावी लागते.

सांजवात
@ऐकणारा तुमचं वाचून थांबलेच. मी हे बाबांना वाचून दाखवणार आहे.

जुनीपानं
मला कॅशची लिंक हवी आहे परत. मोठ्या भावाचा ब्लॉग होता, तो गेल्यावर भाडं कुणी भरलं नाही म्हणून साइट बंद. बंद पडलेल्या पानाची साठवलेली प्रत शोधयंत्रात मिळायची, त्यातून सात लेख मी उतरवून घेतले. बाकीचे पुढच्या रविवारी करू म्हटलं. तेव्हा कळलं नाही की त्या प्रती थोड्याच दिवसांच्या असतात. २०२४ मध्ये ती लिंकच काढून टाकली.

मुद्रितशोधक
@जुनीपानं वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, पत्ता टाकून पाहिलात का? पत्ता माहीत असला तर उत्तम, लेखातले शब्द टाकून नाही मिळत. पत्ता आठवत नसेल तर जुन्या ईमेलमध्ये शोधा, त्याने कुणाला तरी लिंक पाठवलीच असेल. टाइप करायला मदत लागली तर सांगा.

जुनीपानं
ईमेल बघते. धन्यवाद, मनापासून.

तापीकाठ
वेब वालं पोरानं करून दिलं. पहिलंच विद्यापीठाचं पान. पंपाला किती तेही लिहिलंय. चला, पाणी यायची वेळ झाली, मोटर चालू करतो.

सांजवात
बाबांना सगळं वाचून दाखवलं. वहीत नवीन पान केलंय, 'वेब'चं. या वेळी पेन्सिलीने. @ऐकणारा, ते विचारताहेत, एनव्हीडीएमध्ये मराठी आवाज कसा आहे?

ऐकणारा
ईस्पीकचा आवाज फुकट आहे, जरा यंत्रासारखा, पण "ळ" नीट म्हणतो. त्यांना म्हणावं संध्याकाळी फोन करा, नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो.