मदत हवी आहे: कोल्हापुरात ए.ए.ची मीटिंग, आजच्या आज

गुळाची_ढेप: ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट. त्यांच्या यादीत दोन नंबर सापडले, दोन्हीकडं नुसती रिंग जातीय. आज संध्याकाळी मीटिंग कुठं आहे? पत्ता आणि वेळ, एवढंच सांगा. 'ॲडमिट करा' सांगायला येऊ नका, ते एकदा करून झालंय.

फुलेवाडीकर: कोणासाठी? पिणारा माणूस स्वतः यायला तयार आहे का?

गुळाची_ढेप: दाजींसाठी. तयार आहेत. त्याचा काय संबंध?

फुलेवाडीकर: संबंध आहे म्हणूनच विचारलं. ओपन मीटिंगला कोणीही बसू शकतो. क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायचीय तोच. दोघं मिळून क्लोज्डला गेलात तर तुम्ही बाहेर बसणार आणि पहिल्याच दिवशी दाजी आत एकटे.

ते नंबर ऑफिसचे नसतात, सदस्यांचेच असतात. दिवसा माणसं कामावर, त्यात अनोळखी नंबर कोण उचलतंय! 'ए.ए. मीटिंगची चौकशी' एवढा मेसेज टाका आणि सातनंतर परत लावा. तरी नाही लागला तर पुण्याचा लावून कोल्हापूरचा चालू नंबर मागा. यादीतल्या पत्त्यावर थेट जाऊ नका. ग्रुप मागून घेतलेल्या खोलीत भरतात, शाळेची परीक्षा आली की खोली गेली. त्याच दिवशी फोनवर खात्री करायची.

रंकाळा_फेरी: गोल बसून बोलल्यानं दारू सुटती होय? माळ घाला. पंढरीला न्या, तुळशीची माळ घाला, विषय संपला. गावोगाव सुटलीय लोकांची.

फुलेवाडीकर: आणि कार्तिकीनंतर माळ खुंटीला. तेही गावोगाव बघायला मिळतं.

रंकाळा_फेरी: तुमच्या मीटिंगवाले परत पीत नाहीत होय?

फुलेवाडीकर: पितात की. पण परत आला तर कोणी शपथ मोडली म्हणत नाही, खुर्ची देतात. माळ तुटली की माणूस लाजेनं घरातच येत नाही. फरक तिथं आहे.

कंपाउंडर: भांडण जरा बाजूला ठेवा. गुळाची_ढेप, दोन गोष्टी सांगा. रोज किती प्यायचे आणि शेवटची कधी घेतली?

गुळाची_ढेप: देशीच्या तीन क्वार्टर. काल सकाळपासून थेंब नाही. हात थरथरतायत, अंगाला घाम, रात्रभर डोळा नाही. म्हणून तर आजच पाहिजे, मन तयार आहे तोवर.

कंपाउंडर: आजची मीटिंग सोडा, आधी दवाखाना. तीन क्वार्टर म्हणजे 540 मिली, रोज. एवढी दारू एकदम तोडली की पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. 48 ते 96 तासांत भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखत नाहीत, ताप चढतो. त्यात माणूस जातो. तुमचे 48 तास उद्या सकाळी भरतायत. म्हणजे आजची रात्र फिटची आणि उद्यापासून भ्रमाची भीती.

सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात न्या. ओपीडीची वेळ टळली असेल तर अपघात विभागात. 'दारू सोडून किती तास झाले आणि आधी कधी फिट आली होती का' हे न विचारता सांगा. थरथर आणि फिटसाठी लिब्रियमच्या जातीची गोळी देतात आणि काही दिवसांत कमी करत आणतात, ती मेडिकलमधून मनानं आणू नका. गल्लीतल्या डॉक्टरकडनं नुसती ग्लुकोजची सलाईन तर मुळीच नको. पिणाऱ्याच्या अंगात बी1 व्हिटॅमिन आधीच कमी असतं, ग्लुकोज उरलंसुरलंही वापरून टाकतं आणि मेंदूला इजा होते. बी1चं इंजेक्शन आधी, सलाईन नंतर. वाटेत फिट आली तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, 108.

पेठेतला_पैलवान: एवढं कशाला? दारू सोडायची गोळी मिळते, चहातनं द्यायची. कळत पण नाही.

कंपाउंडर: डायसल्फिरम म्हणताय. ती न सांगता कधीच द्यायची नाही. गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे अंगात असर राहतो. माणसाला माहीत नसलं तर तो पिणार, बीपी कोसळणार. शेवटच्या पेगनंतर निदान 12 तास गेल्याशिवाय आणि लिव्हर, हार्ट तपासल्याशिवाय डॉक्टरही देत नाहीत.

बिंदू_चौक: सीपीआरला गाडी आत घालू नका, अडकते. दसरा चौकात लावा.

पेठेतला_पैलवान: दसरा चौकात तरी जागा कुठाय आता!

गुळाची_ढेप: ठेवून घेतलंय. डॉक्टरनी पहिलं तेच विचारलं, किती तास झाले. आता मीटिंगचं सांगा, सुट्टी झाली की लगेच जायचंय.

फुलेवाडीकर: सुट्टीच्या दिवशीच न्या, आठवडा मध्ये जाऊ देऊ नका. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव विचारत नाहीत. शेवटी पिशवी फिरते, नव्या माणसानं काही टाकायची गरज नाही. बोललंच पाहिजे असं नाही, 'आज ऐकतो' म्हटलं तरी चालतं. पहिले तीन महिने रोज एक मीटिंग धरतात. शहरात रोज जमली नाही तर मधले दिवस ऑनलाइन. आणि डॉक्टरच्या गोळ्या चालू असतील तर कोणा सदस्याच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत. ए.ए. औषधात पडत नाही.

गुळाची_ढेप: ताईनं पण जायचं का? ती म्हणते, मी कुठं पिते?

फुलेवाडीकर: तिच्यासाठी अल-अनॉन वेगळं आहे, घरच्यांचं. दाजी मीटिंगला गेले नाहीत तरी तिला जाता येतं.

गुळाची_ढेप: तिथं बोललेलं दाजींच्या कानावर जाईल का?

फुलेवाडीकर: खोलीतलं खोलीतच राहायचं, हा नियम तिथंही आहे. फक्त ओळखीचं कोणी भेटलं तर दचकू नका म्हणावं, तेही त्याच कामाला आलेले असतात.